गाडीत विणलेले मोजे आणि माझी चुकलेली बेरीज



आज आधी एक चूक कबूल करायची आहे. दीडेक वर्षापूर्वी मी एका व्हिडिओत म्हणाले होते, "लोकलमधला वेळ हा तुमचा फुकटचा वेळ आहे. त्या वेळात जे बनवाल त्याची मजुरी शून्य, म्हणजे सगळा नफाच." वाक्य ऐकायला छान होतं, लोकांना आवडलंही. पण ते चूक होतं. त्या वाक्यावर विश्वास ठेवून कामाला लागलेल्या एका बाईंचा उजवा अंगठा तीन आठवडे बांधून ठेवावा लागला.

त्या माझ्या दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांना आपण मोजेवाल्या ताई म्हणू. राहायला बदलापूर, नोकरी फोर्टला. रोज जाऊन-येऊन तीन तास गाडीत. लेडीज डब्यात कोणी मेथी निवडतं, कोणी मटार सोलतं, कोणी पोथी वाचतं, तशा या लहान बाळांचे लोकरीचे मोजे विणतात. आईकडून शिकलेल्या. बाळंतविड्यात झबलं, टोपडं, दुपट्याबरोबर घरी विणलेली मोज्यांची जोडी असलीच पाहिजे, अशा घरातल्या.

एक दिवस त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुमचा व्हिडिओ बघितला. मला ऑर्डर मिळाली! लहान मुलांच्या कपड्यांचं एक दुकान आहे, चाळीस जोड्या हव्यात. जोडीला १२० रुपये. सहा आठवड्यांत द्यायच्यात."

मी काय केलं असेल? अभिनंदन केलं आणि ६०० ग्रॅम बेबी लोकर मोजून दिली. १०० ग्रॅमला १४० प्रमाणे ८४० रुपये माझ्या गल्ल्यात आले. बीबीएला अपॉर्च्युनिटी कॉस्टवर मी पानभर उत्तर लिहून चांगले मार्क मिळवले होते. काउंटरच्या मागे उभं राहिल्यावर त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

एका मोज्यात किती टाके?

हा हिशोब मी ऑर्डर घ्यायच्या आधी करून द्यायला हवा होता. केला नंतर. तुम्ही आधी करा.

जन्मापासून सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाचा मोजा, बारीक बेबी लोकर, बारा नंबरच्या सुया. गोलात साधारण ३६ टाके. काठापासून अंगठ्यापर्यंत साधारण ६० फेऱ्या. छत्तीस गुणिले साठ, म्हणजे २,१६० टाके. जोडीला ४,३२०. घरी शांत बसून ताई मिनिटाला तीसच्या आसपास टाके घालतात. गाडीत गर्दी, धक्के, "सरका हो जरा", "ठाण्याला कोण उतरणार?" हे सगळं धरून वीस. म्हणजे एका जोडीला २१६ मिनिटं, तीन तास छत्तीस मिनिटं. वर टोकं आत ओवणं, धुणं, सुकवणं, जोडी लावणं, पॅकिंग यांचा अर्धा तास. जोडीला चार तास धरा.

आता गाडीतला वेळ. तीन तास प्रवास म्हणजे तीन तास विणकाम नाही. प्लॅटफॉर्मवर उभं राहणं, चौथ्या सीटवर अर्धं टेकून बसणं, ठाणे-दादरची गर्दी, हे वजा करा. मी ताईंना दोन आठवडे वहीत लिहायला लावलं, दिवसाला प्रत्यक्ष किती फेऱ्या झाल्या. सरासरी आली एक मोजा, म्हणजे हात चालू असण्याची ११० मिनिटं. महिन्याचे बावीस दिवस धरले तर चाळीस तास. अकरा जोड्या.

अकरा! आणि कबूल केल्या होत्या सहा आठवड्यांत चाळीस. सहा आठवड्यांत गाडीत होतात पंधरा. उरलेल्या पंचवीस जोड्यांचे शंभर तास कुठून आले? रात्रीचे. स्वयंपाक, भांडी, मुलाचा अभ्यास आटोपल्यावर रोज जवळजवळ अडीच तास. व्हिडिओत मी ज्याला फुकटचा वेळ म्हणाले, तो केव्हाच संपला होता. पुढे चाललं होतं ते झोपेतून उसनं घेतलेलं काम.

सत्तावीस जोड्या झाल्यावर अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली, बोटं बधिर व्हायला लागली. डॉक्टरांनी सुई बंद करायला सांगितलं. सत्तावीस जोड्या नेऊन दिल्या तर दुकानदाराने सहा परत केल्या. "साइझ सारखे नाहीत." रागावण्यात अर्थ नव्हता, खरंच सारखे नव्हते. दमलेला हात दोरा घट्ट ओढतो. तेवढेच टाके, तेवढ्याच फेऱ्या, पण रात्री विणलेला मोजा गाडीत विणलेल्यापेक्षा बोटभर लहान. हे पुस्तकात वाचून कळत नाही, दोन मोजे शेजारी ठेवल्यावर कळतं.

एकवीस जोड्यांचे मिळाले २,५२० रुपये. चाळीस जोड्यांची लोकर, टॅग आणि पिशव्या आधीच घेऊन ठेवलेल्या, त्याचे १,४०० गेले. राहिले १,१२०. भागिले १०८ तास. तासाला साधारण दहा रुपये. डॉक्टरची फी यात नाही.

त्या हे सांगत होत्या तेव्हा रडल्या वगैरे नाहीत. उरलेल्या लोकरीची पिशवी काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "हे परत घेता का?" मला मान वर करता येईना.

"येता-जाता होतं की"

ही वाक्यं तुम्ही ऐकली असतील. "येता-जाता होतं की." "टीव्ही बघता बघता होतं." "तेवढाच विरंगुळा." ज्या कामाला वेगळी जागा नाही, वेगळी वेळ नाही, त्याला किंमतही नाही, असं आपण धरून चालतो. आणि माल विकत घेणाऱ्याला हे बरोबर माहीत असतं.

हे आपल्याकडचंच नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलँड बेटं आहेत. एकोणिसाव्या शतकात तिथल्या बायका पाठीवर पीटची, म्हणजे जाळायच्या वाळक्या दलदलीच्या मातीची टोपली घेऊन मैलोन्‌मैल चालायच्या आणि चालता चालता हाताने विणायच्या. मोजे, शाली. कमरेच्या पट्ट्यात एक सुई खोचलेली, हात मोकळे. व्यापारी तो माल घ्यायचे, पण रोख पैसे क्वचित. बदल्यात दुकानातला माल द्यायचे, चहा, कापड, असं. हा प्रकार इतका बोकाळला की ब्रिटिश सरकारला चौकशी नेमावी लागली. १८७२ मध्ये त्याचा अहवाल आला, त्यात विणणाऱ्या बायकांच्या जबान्या आहेत. हात अव्वल दर्जाचे, माल सगळीकडे नावाजलेला, आणि दर ठरवणार समोरचा. कारण काय, तर काम "येता-जाता" झालेलं.

उलट उदाहरण जवळचं आहे. हिमाचलात लाहौलला हिवाळा लांबलचक. तिथल्या बायकांचे हाताने विणलेले रंगीत नक्षीचे मोजे आणि हातमोजे आहेत ना, त्यांना २०२१ मध्ये जीआय टॅग मिळाला. म्हणजे ते नाव आता तिथल्याच मालाला लावता येतं. टॅगने कोणी रातोरात श्रीमंत होत नाही. पण "लोकरीचे मोजे" आणि "लाहौलचे मोजे" या दोन वेगळ्या वस्तू आहेत एवढं गिऱ्हाइकाला कळतं, आणि दराचं बोलणं तिथून सुरू होतं.

मग गाडीत विणायचंच नाही का?

विणा की! प्रवासात करायला मोज्यासारखं दुसरं काम नाही असं माझं मत आहे. (क्रोशावाल्यांनी रागवू नये. गचका बसला तर तुमचा एकच टाका सुटतो हे मान्य, पण बाळाच्या पायाला सुयांवरचा मोजा जास्त मऊ आणि ताणणारा बसतो.) स्वेटर मे महिन्यात मांडीवर घेऊन बघा. मोजा मुठीत मावतो, जोडीला पंधरा ग्रॅम लोकर लागते, आणि कुठल्याही फेरीला थांबता येतं. कुर्ला आलं, गुंडाळलं, उठलं.

फक्त मोज्याचं सगळं काम गाडीतलं नाही. ताईंच्या बाबतीत सगळ्यात मोठा फरक या वाटणीने पडला. टाके घालणं आणि मोजणं घरी, रविवारी सकाळी, एकदम चार मोज्यांचे. काठाची दोन सुलट दोन उलट ही पट्टी गाडीत. पायाचा सरळ भाग गाडीत, तिथे बघावंही लागत नाही. टाच घरी. टाच वळवताना अर्ध्याच टाक्यांवर मागे-पुढे विणायचं असतं, दर ओळीला एक टाका सोडत जायचं आणि मग ते एकेक परत घ्यायचे. मुंब्य्राच्या बोगद्यात शेजारणीने सुनेची गोष्ट सांगायला घेतली की मोजणी गेली, आणि मग दहा ओळी उसवा. तळवा परत गाडीत. अंगठ्याकडचं टाके मिटवणं आणि दोरा ओवणं घरी. कारखान्यात याला कामाची विभागणी म्हणतात. तुमचा कारखाना दोन जागी आहे, एक हलणारा, एक स्थिर, एवढंच.

सुयांचंही बोलू. लांब सरळ सुया डब्यात नकोत, शेजारणीच्या कोपराला लागतात आणि भांडण तुमच्या वाट्याला येतं. चार-पाच सुट्या सुयांवर मोजा सुंदर होतो, पण एक सुई सीटखाली गेली की ती कर्जतला पोचते. वायरने जोडलेली सर्क्युलर सुई घ्या, ८० सेंटिमीटर वायरची. वायरचा लूप मध्येच बाहेर काढून तिच्यावर लहानसा मोजाही गोल विणता येतो. लाकडी किंवा बांबूची असेल तर टाके घसरत नाहीत. सुई पडली तरी पडत नाही, कारण मोजाच तिला धरून असतो. लोकरीचा गुंडा बटव्यात घालून बटवा मनगटाला अडकवा. पावसाळ्यात बटव्याच्या आत झिपची पिशवी.

आणि हे नीट ऐका, कारण इथे गिऱ्हाईक बाळ आहे. गाडीत विणलेला प्रत्येक मोजा विकण्याआधी सौम्य साबणाने धुवायचा, नीट सुकवायचा. ॲक्रिलिक लोकर असेल तर वर गरम इस्त्री फिरवायची नाही, लोकर कायमची चपटी होते. मोजा उलटा करून आतून बघायचा. आत दोऱ्याची सैल टोकं किंवा नक्षीचे लांब दोरे राहिले तर बाळाच्या बोटाला गुंडाळले जातात, आणि रक्तपुरवठा थांबण्याइतकं ते गंभीर होऊ शकतं. मणी, मोती, सुटी बटणं नाहीत. केसाळ लोकर नाही. मोज्याला बांधायची लांब रिबिन दिसायला गोड असते, मी दुकानात तीच सुचवायचे, आता सुचवत नाही.

गाडीत विणा, पण गाडीत विकू नका. परवानगीशिवाय गाडीत किंवा स्टेशनवर माल विकणं रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४४ प्रमाणे गुन्हा आहे. मैत्रिणींनी तुमचं काम बघितलं, नंबर घेतला, संध्याकाळी फोनवर बोलणं झालं, एवढ्यावर ठेवा.

दर

आता मुद्द्याचं. जोडीला लोकर २१ रुपये, टॅग-पिशवी वगैरे १४. माल झाला ३५ रुपयांचा. १२० ला विकली तर उरतात ८५, चार तासांचे. तासाला २१ रुपये. हा आकडा सगळं सुरळीत पार पडलं तर!

ताई आणि मी एका रविवारी दुकान बंद झाल्यावर बसलो. मी विचारलं, "तुमच्या तासाचे किती यायला हवेत?" त्या म्हणाल्या, "असं कसं सांगू?" मी म्हटलं, घरी धुण्याभांड्याला बाई येते, तिला महिन्याचे देता ते तासावर आणा. आणलं. थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तिच्याहून कमी तर नको ना."

दर ठरला ३५०. माल वजा जाता ३१५, तासाला एकोणऐंशीच्या आसपास. आणि महिन्याला जास्तीत जास्त आठच जोड्या घ्यायच्या. अकरा होतात, पण सुट्टी, आजारपण, मेगाब्लॉक, अंगठा, यांना जागा ठेवायची. निम्मे पैसे आगाऊ. दुकानांना पुरवठा बंद.

तुम्ही म्हणाल, साडेतीनशेला कोण घेणार? स्टेशनबाहेर मशीनचे मोजे पन्नासला मिळतात. बरोबर. त्यांच्याशी आपली स्पर्धाच नाही, आणि त्या गिऱ्हाइकाला पटवत बसू नका. ताईंच्या ऑफिसातल्या दोघी-तिघी सरळ म्हणाल्या, "एवढ्याशा मोज्यांना साडेतीनशे?" ताईंना वाईट वाटलं. मी म्हटलं, त्या चुकीचं बोलत नाहीत, त्या आपलं गिऱ्हाईक नाहीत.

आपलं गिऱ्हाईक सापडलं ते त्याच डब्यात. मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेली आई. तिची बॅग डिंकाच्या लाडवांनी, मेतकुटाने भरलेली असते. तिला बाळंतविडा न्यायचाय, विणायला तिच्याकडे वेळ नाही किंवा आता डोळे साथ देत नाहीत, आणि दुकानातलं तयार तिला चालत नाही. तिकडे थंडीही खरीखुरी असते. पहिल्या अशा काकूंनी दर विचारलाच नाही. "टाच नीट वळलेली आहे ना? माझ्या आईची तशी असायची," एवढंच विचारलं. त्यांनी मोज्यांबरोबर टोपडंही मागितलं आणि पुढे दोन मैत्रिणींना सांगितलं. पुण्या-नाशिकच्या आज्या थंडीच्या आधी मागवतात, म्हणून त्यांच्या ऑर्डरी पावसाळ्यातच घ्यायच्या. मुंबईतच राहणाऱ्या बाळासाठी कोणी मागितलं तर ताई सुती दोऱ्याचे देतात. उकाड्यात लोकरीने बाळ किरकिरतं, आणि तुमचं नाव खराब होतं.

पहिल्या महिन्यात तीन जोड्या गेल्या. दुसऱ्यात पाच. गेल्या महिन्यात सात, म्हणजे हातात २,२०५ रुपये. यावर घर चालत नाही आणि नोकरी सोडायची तर बातच नको. कोणी तुम्हाला "मोजे विणून महिना पन्नास हजार" सांगत असेल तर त्याला एका मोज्यात टाके किती, विचारा. ताईंचा हिशोब वेगळा आहे. त्या पैशातून मुलाच्या क्लासची फी जाते, आणि रात्री साडेदहाला दिवा बंद होतो.

उरलेली लोकर मी परत घेतली, पूर्ण दराने. एकदा सुटी केलेली लोकर दुकानात परत घेत नाहीत, मीही घेत नाही. ती वेगळी ठेवली आहे आणि तिच्यावर नवीन मुलींना टाच शिकवते. तो जुना व्हिडिओ काढून टाकावा का, यावर घरी वाद झाला. मी ठेवलाय, पण सुरुवातीला पट्टी टाकली आहे, "या व्हिडिओतला हिशोब चुकीचा आहे."

तुम्ही विणत असा, पापड लाटत असा, तोरणं करत असा, आधी दोन आठवडे वही ठेवा. तारीख, किती मिनिटं हात चालला, किती काम झालं. तीन रकाने, बस. पुढच्या व्हिडिओत ताईंची वही दाखवणार आहे, त्यांनी परवानगी दिली आहे, फक्त चेहरा नको म्हणाल्या. अक्षर गाडीतलं आहे, वाचायला थोडा त्रास होईल.

परवा आल्या होत्या. लिंबू रंगाचा एक गुंडा घेतला. दुसरा घ्या म्हटलं तर म्हणाल्या, "नको. आठ झाल्या या महिन्याच्या."